तोलार अप्पांचे एक्कावन्न किलो

"अरे वा, तोंड भरलंय, बरं चाललंय दिसतंय!" असं कुणी कुणाला सहज म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. सुना हसतात. "आत्या, चांगलंच तर बोलले की ते," म्हणतात. चांगलं? ह्याच एका बोलण्यापासून सुरुवात करून आमच्या बाजारानं एक माणूस काट्यावरून खाली उतरवला. माझं वय झालं, गुडघे गेले, दात गेले, पण तो राग काही गेला नाही. जाऊही नये.

मुरुमच्या धान्य बाजारात मी तेव्हा चाळणीवर होते. पंचविशीची असेन, पदरात दोन लेकरं. आमचे हे त्याच बाजारात हमाली करायचे. अडतीत माल उतरला की आम्ही बायांनी तो चाळायचा, खडे-माती काढायची, मग ढीग काट्यावर जायचा. आणि काट्यावर अप्पा.

अप्पा तोलार होते. तोलार म्हणजे वजन करणारा माणूस. शेतकऱ्याचा नाही, अडत्याचा नाही, दोघांच्या मधे उभा. निजामाच्या अमलात काट्यावर आले ते निजाम गेला, रझाकार गेले, मुंबई राज्य आलं, महाराष्ट्र झाला, तरी अप्पा तिथंच. घरी कानडी, बाजारात मराठी, आणि सरकारी माणूस आला की अशी खणखणीत उर्दू, की तो साहेबच खुर्चीत नीट बसायचा. काट्याशी मात्र कानडीतच बोलायचे. सकाळी आल्या आल्या दोन्ही पारडी धोतराच्या सोग्यानं पुसायची, रिकामा काटा उभा करायचा, मग पारड्यांची अदलाबदल करून परत बघायचा. "हेळु तायी, हेळु," म्हणायचे. सांग आई, सांग. आई बोलली की मगच कामाला हात.

हंगामात ते कुणाचा चहा घ्यायचे नाहीत. अडत्याचा नाही, शेतकऱ्याचा तर नाहीच. "ज्याचा माल तोलायचा, त्याचं पानी सुदिक पोटात नगं. पारडं तेवढ्यानं बी झुकतंय." स्वतःचा तांब्या, स्वतःची थापलेली ज्वारीची भाकरी, वर तिखटाचा गोळा. घरात दुसरं कुणी नव्हतं, बायको कधीच गेलेली. एखाद्या शेतकऱ्यानं मायेनं ओंजळभर शेंगा पुढं केल्या तर अप्पा त्या घ्यायचे, आणि त्याच्याच ढिगात टाकून तोलायचे. तो शेतकरी बघतच राहायचा.

जिभेला हाड नव्हतं. माणूस दिसला की डोळ्यानंच वजन करायचे. "हवालदार अडीच मण. त्यातलं एक मण फुकटचं." हे हवालदाराच्या तोंडावर! माझं धाकटं पोर एकदा हातावर घेतलं, जरा खालीवर केलं आणि म्हणाले, "सव्वासात शेर. तुझं दूध कमी पडतंय गं तंगी, शेंगदाणं खा." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. मला सगळ्या जगात तंगी म्हणणारे ते एकटेच. मग काट्यावर ठेवून बघितलं तर पोर बरोबर सव्वासात शेर.

आमच्याकडं मोजणीची सुरुवात 'एक' म्हणून करत नाहीत, 'लाभ' म्हणून करतात. लाभ, मग दोन, मग तीन. आणि एकदा 'लाभ' म्हटलं की ढीग संपेपर्यंत तोलारानं जागा सोडायची नाही. उठला तर मोजणी मोडली, माल परत पहिल्यापासून. अप्पांनी हा रिवाज असा पाळला होता की एकदा पायाला विंचू डसला, तर उरलेली नऊ पोती तोलून संपवली, आकडा सांगितला, आणि मग "अगाई गं" म्हणून खाली बसले.

पण खरा छंद पुढंच आहे. अमावास्येला बाजार बंद असायचा. त्या दिवशी अप्पा स्वतःला तोलायचे. आमच्या ह्यांना बोलावून घ्यायचे, एका पारड्यात स्वतः मांडी घालून बसायचे, दुसऱ्यात ह्यांनी वजनं टाकायची. गळ्यात करडगी, म्हणजे लिंग ठेवायची चांदीची डबी, ती अंगावरनं काढायची नसते, म्हणून तिचं नवटाक वजा धरायचे. एकदा हे चेष्टेनं म्हणाले, "अप्पा, देवाचं वजन बी धरा की!" तर म्हणाले, "देव मला धरून हाय. मी त्याला कशाला धरू?" मग शेडच्या भिंतीवर खडूनं आकडा लिहायचा. साठ शेर. पुढच्या अमावास्येला साठ शेर. वर्षानुवर्षं साठ. कधी पावशेर इकडं, कधी पावशेर तिकडं. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, आकडे शिकले ते त्या भिंतीवर.

मग सरकारनं शेर-मण बंद केले आणि किलो आला. अप्पा आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. एका हातात जुना शेर, दुसऱ्या हातात नवा किलो घेऊन बाजारभर फिरायचे.

"काय करताय अप्पा?"

"सोयरीक जुळवतोय. जुळंना."

एक दिवस जुळली. आम्हा चाळणीवाल्या बायांना शेडमधे बसवून सांगितलं, "पंधरा शेर म्हंजी चौदा किलो. येवढं डोक्यात ठिवा. मग तुमाला कोन बी फशिवनार न्हाय." बायांनी घोकून पाठ केलं. बाजारातल्या बापयांनी काही पाठ केलं नाही. त्यांच्यासाठी तोलार होता ना!

आणि नेमकं त्याच वर्षी अप्पांचं तोंड बदललं.

दिवाळीच्या आसपास. गालफडं बसलेला हा माणूस, ह्याचं तोंड बघता बघता परातीसारखं गोल झालं. आधी लाल, मग काळपट. मानेमागं मांसाचा गोळा आला. पोट असं पुढं आलं की सदऱ्याच्या गुंड्या तुटायला लागल्या. पण हातपाय? नुसत्या तुरीच्या काड्या. मांड्या वाळल्या. जरा कुठं पोत्याला दंड घासला तरी काळानिळा डाग. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचे. हे सगळं उघड्यावर होतं, दिवसाउजेडी, शंभर माणसांच्या समोर. पण हातपाय कुणी बघितले नाहीत. बाजारातल्या माणसाला एकच नजर असते. पोतं फुगलेलं दिसलं की आत माल आहे. संपलं.

"अप्पा, हंगाम मानवला!" पहिल्यांदा असं. हसून. अप्पाही म्हणायचे, "वारा भरलाय रं, वारा." मग, "कुनाच्या ढिगातलं मानवलं?" हे पाठीमागं. मग पाठीमागं नाही, तोंडावर. वीस वर्षं ज्यानं ह्यांचा घोटभर चहा घेतला नाही, त्याच्यावर संशय घ्यायला ह्यांना दोन महिने पुरले. दोन!

आणि अप्पा मोजणी मोडून उठायला लागले. पहिल्यांदा उठले तेव्हा सगळा बाजार थांबला. "लाभ, दोन, तीन..." करत नऊवर आले, साखळीला धरून कसेबसे उभे राहिले, आणि गोदामामागं गेले. बऱ्याच वेळानं आले. घामाघूम. खाली मान घालून म्हणाले, "लाभ," आणि सगळं परत पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी परत. मग एकेका ढिगाला दोनदा, तीनदा. शेतकरी वैतागले, हमाल वैतागले. "काय झालं अप्पा?" विचारलं तर, "काय न्हाय. तोलू द्या." बस्स. दुसरा शब्द नाही. जगाला वजन तोंडावर सांगणारा माणूस, पण स्वतःचं दुखणं कुठं आहे ते सांगायची चोरी.

बाजाराला मग गोष्ट रचायला काय लागतं? अप्पा सदऱ्याखाली तूर भरतात. ते पोट नाहीच, ती तूर आहे. गोदामामागं जाऊन ओततात, तिथून कुणीतरी घेऊन जातं. मुलाबाळाविना एकट्या माणसाला एवढी तूर कशाला, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही.

माघात तूर उतरली तेव्हा एक दिवस मोठ्या अडतीचे मालक शेडमधे आले. सगळे जमलेले. मालक गोड बोलणारे.

"अप्पा, जरा सदरा काढा."

"कशाला?"

"लोक बोलत्यात. एकदाची तोंडं बंद हुंद्या. तुमच्याच भल्यासाठी म्हनतो मी."

तुमच्याच भल्यासाठी! अप्पांनी सदरा काढला. पोटावर, बगलेपासून खाली, बोट-बोट रुंद पट्टे, वांग्याच्या रंगाचे. जणू कुणी कोरड्यानं फोडून काढलंय. मग मालकांचा पुतण्या म्हणाला, "खाऊन खाऊन कातडं फाटलं की ओ!"

आणि बाजार हसला. मी ऐकलंय ते हसू. पोटाला धरून हसत होते. अप्पांनी धोतर झटकून दाखवलं, सोगा सोडून दाखवला, कंबरेची पिशवी उलटी करून दाखवली. एक दाणा पडला नाही. एकही नाही.

"झालं? आता मला तोला," अप्पा म्हणाले. पारड्यात बसले. बसले कसले, आमच्या ह्यांनी काखेत हात घालून बसवलं. वजनं टाकली. काटा उभा राहिला. करडगीचं वजा जाता एक्कावन्न किलो.

"बघा," अप्पा म्हणाले, "खानारा मानूस चढतो का उतरतो? साठ हुतो मी. भिंत बघा."

मालक हसले. "अहो अप्पा, किलो आल्यापास्नं सगळ्यांचाच आकडा उतरलाय. माझा बी उतरलाय. उद्या म्हशीचा बी उतरंल!"

परत हशा. माझ्यानं राहवलं नाही. चाळणी खाली टाकून मी ओरडले, "पंधराला चौदा! साठाचं छप्पन व्हायला पायजेत! मग ह्यो पाच किलो मानूस गेला कुठं?"

मालकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ह्यांना म्हणाले, "तुझ्या बायकूच्या हातात चाळनी दे."

त्या दुपारी अप्पांना काट्यावरून काढलं. चोरी सापडली नाही, तरी काढलं. लोकांचा विश्वास उडाला म्हणे. दुसऱ्या दिवशी नवा तोलार आला. तो ढिगाच्या मधेच विडी ओढायला उठायचा. त्याला कुणी काही म्हटलं नाही.

पुढं पाठ दुखायला लागली. उकिडवं बसलं की उठता येईना. हे त्यांना उमरग्याला डॉक्टरकडं घेऊन गेले. त्यानं तोंड बघितलं आणि म्हणाला, "तब्येत तर झकास आहे! गोड कमी करा, भात बंद करा."

"भात मी सनाला खातो, साहेब."

"मग सणाला बंद करा." आणि एक टॉनिकची बाटली दिली. ताकदीची. तिकडं जीव जातोय आणि इकडं ताकदीची बाटली! माझ्या घरात तशी बाटली आजही मी येऊ देत नाही.

चैत्रात मग आम्ही दोघांनी त्यांना उमरग्याहून तुरीच्या ट्रकमधे ड्रायव्हरशेजारी बसवून सोलापूरला नेलं. मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता, चष्म्याची काच तडकलेली. त्यानं तोंड बघितलं नाही, आधी हात हातात घेतले. मग मांड्या बघितल्या. मग विचारलं, "वजन आधी किती होतं?"

इतक्या महिन्यांत हे विचारणारा तो पहिला माणूस. मी कनवटीचा कागद काढून दिला. भिंतीवरचे सगळे आकडे उतरवून आणले होते, शेराचे किलो करून. छप्पन, छप्पन, छप्पन, मग चोपन्न, त्रेपन्न, एक्कावन्न. त्यानं दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"काट्यानं," अप्पा म्हणाले.

पडद्याआड नेऊन तपासलं. अप्पा बाहेर आले ते कुणाकडं न बघता. आठ दिवस ठेवून घेतलं, सुईनं आतला तुकडा काढला, रक्त, लघवी मुंबईला पाठवली. मग डॉक्टरनं आम्हाला बसवून सांगितलं, समजेल अशा भाषेत. पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली सुपारीएवढी एक ग्रंथी असते. अप्पांच्या त्या ग्रंथीला कॅन्सर झालाय, तो हाडांत उतरलाय, म्हणून पाठ दुखते. म्हणूनच लघवी अडते, सारखं उठावं लागतं. पण एवढ्यावर थांबलेलं नाही. तो कॅन्सर रक्तात एक रस सोडतोय. तो रस खरं तर मेंदूखालच्या बारक्या ग्रंथीनं लागेल तेवढाच सोडायचा असतो. इथं मोजमापच राहिलं नाही. मग मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथी पिसाळतात, आणि माणसाचं तोंड गोल होतं, पोट सुटतं, कातडीवर पट्टे उठतात, साखर वाढते, हातापायांचं मांस झडतं. ह्याला कुशिंगचा आजार म्हणतात. तो दुसऱ्या कारणांनी होतो तसा, पण ह्या ग्रंथीच्या कॅन्सरनं झालेला मी फक्त पुस्तकात वाचलाय, म्हणाला.

अप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "खान्यानं न्हाय ना झालं?"

"नाही."

"चोरून खाल्ल्यानं?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी खाली बघितलं. "नाही हो," तो म्हणाला.

"मग तसं ल्हिऊन द्या. मराठीत. शिक्का मारून."

"बाबा, आधी उपचाराचं बोलू. आजार पुढं गेलाय, पण एक ऑपरेशन आहे, गोळ्या आहेत, दुखणं तरी कमी होईल. सहा महिने आधी आला असतात तर..."

"ते ऱ्हाऊ द्या. कागुद द्या."

ऑपरेशनला नाही म्हणाले. मी हातापाया पडले, हे रागावले, काही उपयोग नाही. ह्या माणसाला मरणाची भीती नव्हती, पण चोर म्हणून मरायचं नव्हतं. कागद एकदम मिळाला नाही. मुंबईचं उत्तर यायचं होतं. मुरुमला परत आलो. अप्पा खाटेवर, आणि रोज पोस्टमनची वाट. भाकरी कुस्करून पुढं ठेवली की आधी विचारायचे, "आला का गं तंगी?" महिन्यानं आला. शिक्का मारलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सौदे सुरू व्हायच्या वेळेला, आमच्या ह्यांनी अप्पांना पाठीवर घेऊन बाजारात नेलं. शेडमधे बसवलं. मालकांच्या मुनिमानं कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचला. ह्यांचे तोंड व पोट फुगले ते आजाराने. खाण्याशी ह्याचा काहीही संबंध नाही. शरीर खरे पाहता झिजत होते, हे त्यांच्या वजनाच्या आकड्यांवरून दिसते. वारंवार लघवीस उठावे लागणे हेही ह्याच रोगाचे लक्षण आहे.

तिथं मुनिमाचा आवाज खाली आला. पुतण्या कुठंतरी सटकला होता. मालक पुढं आले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "अरेरे, अप्पा, अहो आमाला काय ठाऊक असला आजार हाय म्हनून!"

अप्पांनी मान वर केली. ती जड मान वर करायलाही त्यांना वेळ लागला.

"आजार ठाऊक नव्हता, खरं हाय," ते म्हणाले. "पन मी तर ठाऊक हुतो की."

मृगाच्या आत अप्पा गेले. बाजारानं अर्धा दिवस बंद पाळला. मालकांनी सर्वांत मोठा हार आणला. बसवून समाधी देतात आमच्याकडच्या रीतीनं, तसं बसवलेलं होतं, आणि त्या गोल झालेल्या तोंडाखाली तो हार. लोक म्हणत होते, काय तेज आहे बघा. मी तिथून उठून आले.

मालकांचा राग, पुतण्याचा राग, उमरग्याच्या त्या बाटलीवाल्याचा राग, हे सगळं मी आयुष्यभर बोलून दाखवलं. एक मात्र कुणाला सांगितलं नाही, ते आता सांगते. झडतीच्या आठ दिवस आधी मी गोदामामागं गेले होते. दाणे बघायला. व्हय, मीच. दाणे नव्हते. अप्पा होते. भिंतीला कपाळ टेकून उभे, लघवी उतरत नव्हती, कळवळत होते, एका हातानं भिंतीचा दगड धरलेला. मी पाऊल न वाजवता परत आले.

झडतीच्या दिवशी मी भर बाजारात पंधराला चौदा म्हणून ओरडले, त्याचं कौतुक बाया अजून करतात. ते सोपं होतं. अप्पा मोजणी सोडून का उठतात हे त्या सगळ्या बाजारात मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते मी बोलले नाही. बाईमाणसानं चारचौघांत पुरुषाच्या लघवीचं बोलायचं कसं, म्हणून.